लागलेली लाईन

कार्तिकात पिरंगुट मागे पडलं की मी गाडीची काच खाली करतो. भात कापून खाचरात पसरलेलं असतं आणि त्याचा वास रस्त्यावर येतो. ओला पेंढा, वाळत आलेला चिखल आणि कुठेतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर, एवढंच त्यात असतं. भूगावातल्या सातव्या मजल्यावरच्या माझ्या घरी हा वास पोचत नाही. तिथे सिमेंटची धूळ आणि शेजारच्या इमारतींतल्या फोडण्या पोचतात. म्हणून वर्षातून एकदा, काही काम नसताना, मी धरणाच्या रस्त्याने निघतो, एका वाडीच्या फाट्यापर्यंत जातो आणि तिथून गाडी वळवतो. बरीच वर्षं असंच चाललं. घरी विचारलं तर चक्कर मारून आलो म्हणून सांगतो.

यंदा गाडी वळवली नाही. पण आधी एका जुन्या कार्तिकाबद्दल लिहायला हवं. त्या दिवसांतलं मला जे आठवतं ते बहुतेक आवाज आहेत. भाताची पेंढी फळीवर आपटल्याचा आवाज. पाण्यावरून येणारी टिटवीची ओरड. आणि माजघराच्या भिंतीपाशी मोडेमचा आवाज: आधी आकडे पडल्याची टकटक, मग एक लांब शीळ, मग खरखर, आणि एकदम शांतता. शांतता झाली की लाईन लागली असं समजायचं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. धरणाकाठच्या जमिनींना गिऱ्हाइकं यायला लागली होती. डोंगरउतारावर चुन्याच्या रेघा, खाचरांच्या कडेला सिमेंटचे खांब दिसू लागले होते. त्यावर लेखमाला करायची ठरलं. दोन आठवडे तिथेच राहायचं आणि रोज एक लेख व दोन फोटो पाठवायचे. मोबाइलचं जाळं त्या डोंगरांत पोचलं नव्हतं. कार्यालयाने मला एक लॅपटॉप दिला आणि त्याबरोबर एक टोल-फ्री क्रमांक. कुठल्याही घरच्या फोनवरून तो क्रमांक फिरवला की लॅपटॉप कार्यालयाशी आणि तिथून इंटरनेटशी जोडला जाई, आणि त्या घराला बिल येत नसे. फिरतीवरच्या वार्ताहराला ही मोठी सोय होती. तोवर आम्ही लोकांचे फोन वापरायचो ते संकोचत, घाईघाईत, वाक्यं तोडत. आता संकोचाचं कारण उरलं नाही, असं मला वाटलं.

संगणक विभागातल्या गृहस्थांनी एका कागदावर सगळ्या पायऱ्या टाइप करून दिल्या होत्या. प्रवासात प्रत्येक मुक्कामासाठी नवीन ‘ठिकाण’ तयार करा आणि त्याला नाव द्या. एक्स्चेंज जुनं असेल तर टोनऐवजी पल्स निवडा. डायल टोनची वाट पाहू नका. लाईन तुटल्यास आपोआप पुन्हा जोडा, या चौकटीत खूण करा. दोन प्रयत्नांमधला वेळ कमीत कमी ठेवा. कागदाच्या तळाशी आमच्या वृत्तसंपादकांनी पेनाने एक ओळ लिहिली होती: लागलेली लाईन सोडायची नाही. ते ट्रंक कॉलच्या काळातले. तालुक्याच्या गावाहून पुण्याला फोन लागायला तीन तीन तास बसावं लागायचं, आणि एकदा लागला की मजकूर संपला तरी बोलत राहायचं, कारण काही विसरलं असेल तर पुन्हा लागणार नाही. हवामान सांगायचं, पिकाचे भाव सांगायचे, काहीच नसलं तर वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. नवीन आलेल्या प्रत्येक वार्ताहराला ते हे शिकवत. मीही शिकलो होतो.

वाडीत फोन एकाच घरात होता, नामदेवरावांच्या. ते पोस्टातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नीला सगळी वाडी काकी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. माजघरातल्या कोनाड्यात फोन होता, त्यावर क्रोशाने विणलेला रुमाल. शेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली पेन्सिल आणि एक वही. आज ज्यांचं वय पंचवीस आहे त्यांना सांगावं लागेल, की तेव्हा एकाच फोनवर दहा-बारा घरांचे व्यवहार चालत. ज्याच्याकडे फोन नाही तो अर्जावर, पत्रिकेवर, दवाखान्याच्या कागदावर शेजाऱ्याचा नंबर लिही आणि पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं टाकी. फोन आला की काकी ओट्यावर येऊन हाक मारत. माणूस शेतात असला तर निरोप वहीत उतरवला जाई. मी ती वही चाळली होती, सवयीने. ‘पांडू शनिवारी येतो, सामान नको.’ ‘मुंबईच्या वहिनीला मुलगी, दोघी बऱ्या.’ एका ओळीत पूर्ण बातमी. आमच्या उपसंपादकांना जमत नसे ते काकींना जमे.

जोडणीला पहिला दिवस गेला. फोनची वायर भिंतीवरच्या डबीत थेट स्क्रूने आवळलेली होती, प्लगची खाच नव्हती. मी डबी उघडली, दोन चिमटे लावले, लॅपटॉपमध्ये नवीन ठिकाण तयार केलं, वाडीचं नाव दिलं, पल्स निवडलं. अकराव्या प्रयत्नाला शीळ ऐकू आली.

“काय वरडतंय ते?” काकी चुलीपासून उठून आल्या. “पोटात दुखतंय व्हय तुमच्या मशीनीच्या?”

“पुण्याशी बोलतंय, काकी.”

“असं बोलत्यात व्हय पुण्यात? तरीच.”

नामदेवरावांनी चष्मा पुसला आणि बिलाचं विचारलं. मी टोल-फ्री म्हणजे काय ते समजावून सांगितलं: कितीही वेळ चालू ठेवलं तरी तुम्हाला एक पैसाही पडणार नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली, मग म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या की चालू. आमचं काय जातंय?”

हे वाक्य मी त्या वेळी परवानगी म्हणून घेतलं.

शालन समोरच्या घरातली. वय एकोणीस-वीस. बारावी झालेली, वाडीतली पहिलीच मुलगी. कापणीच्या दिवसांत ती पहाटे खाचरात उतरायची, दुपारी केसांत पेंढ्याचं कूस घेऊन काकींच्या ओट्यावर यायची आणि पाणी पिता पिता विचारायची, “वाजला का?” उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला मुली घ्यायच्या होत्या. तिने अर्ज दिला होता, परीक्षेसारखं काहीतरी झालं होतं, तिचं नाव यादीत होतं. बोलावणं फोनवर येणार होतं. अर्जावर नामदेवरावांचा नंबर, पी.पी.

तिचे वडील संध्याकाळी ओट्यावर बसत. त्यांनी हे प्रकरण माझ्यासमोरच स्पष्ट केलं होतं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. “मी पोरीला बोललोय साह्यब. नोकरी लागली तर दोन वर्सं थांबतो. तिला ते बी.ए. का काय करायचंय ते करू दे. न्हाई लागली तर तुळशीचं लगीन झालं की पाव्हणं येत्याल. कोळवणचं ठिकाण हाय, चांगलं हाय.”

“आबा, तुमी तर आत्ताच जेवणाची पंगत मांडलीया,” शालन आतून म्हणाली.

“मग वाजव की तुझा फोन! मी काय तार कापून ठिवलीया?”

सगळे हसले. तीही हसली. मी हे वहीत टिपून घेतलं, कारण संवाद चांगला होता.

दिवस कोणता हे मला आठवतं, पण त्याला महत्त्व नाही. सकाळी दहाला मी बसलो. दोन फोटो जायचे होते. लाईनमध्ये खरखर होती, निम्मा फोटो गेला की जोडणी तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. पण कागदावरच्या सूचनेप्रमाणे त्या चौकटीत मी खूण करून ठेवलेली होती. लाईन तुटली रे तुटली की लॅपटॉप स्वतःच पुन्हा डायल करी. मधे एक सेकंद. त्या एका सेकंदात बाहेरून कुणाचा फोन आत येणं शक्य नव्हतं. याचा विचार मी केला नव्हता असं म्हणायला मला आवडेल. केला होता. पहिल्या दिवशी ती वेळ ठरवतानाच माझ्या मनात आलं होतं, की सेकंद फारच कमी आहे, पाच मिनिटं ठेवावीत का. मग लेख वेळेत जाण्याचा विचार आला आणि सेकंदच ठेवला.

इथपर्यंत काम होतं. पावणेबाराला फोटो पोचले, लेख पोचला, कार्यालयातून पोच आली. लाईन स्वच्छ लागलेली होती, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मी ती सोडली नाही. दुपारी संपादकांनी काही विचारलं तर, असं एक कारण होतं. खरं म्हणजे मी वाचत बसलो. परदेशातल्या वर्तमानपत्रांची पानं हळूहळू, एकेक ओळ करत, पडद्यावर उतरत होती आणि एका डोंगरातल्या माजघरात शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून ती पाहण्यात मजा होती. बाहेर झोडणी चालली होती. एक पेंढी, दोन आपट्या, मग पेंढा बाजूला. मी तास मोजला नाही. कुणाला बिल येणार नव्हतं.

काकींनी ताटं घेतली तेव्हा मी चिमटे काढले आणि डबीचं झाकण लावलं. हात काढेपर्यंत घंटा वाजली. मीच शेजारी होतो, मीच उचलला.

“नामदेवराव का? अहो, किती वेळ लावतोय! सकाळपासून एंगेज.” आवाज मध्यमवयीन, थोडा दमलेला. कारखान्याचं नाव सांगितलं. “तुमच्याकडे शालन म्हणून मुलगी आहे ना, पी.पी.?”

“समोर राहते.”

“तिला उद्या सकाळी आठला गेटवर बोलवायचं होतं. पण आता राहू द्या. साडेअकरापर्यंत लावला. मग साहेब म्हणाले, खालचं नाव घ्या. ती पौडची मुलगी, लगेच मिळाली फोनवर. तिघी झाल्या, यादी बंद.”

“मग आता काही...”

“आता काही नाही. म्हटलं निदान कळवावं. उगाच ती पोरगी वाट बघत बसेल.”

मी बरं म्हणालो. त्याने ठेवला. ओळख ना पाळख, यादीतून नाव गेलेल्या मुलीने वाट पाहू नये एवढ्यासाठी तो माणूस एका एंगेज नंबरवर दुपारी एकपर्यंत प्रयत्न करत राहिला होता. मी त्याचं नावही विचारलं नाही. नाव विचारणं हे माझ्या कामातलं पहिलं पाऊल होतं.

वही शेजारीच होती. पेन्सिल दोरीला लोंबत होती.

जेवायला तांदळाची भाकरी, धरणातल्या माशांचं कालवण आणि नव्या तांदळाचा भात होता. मी दुसरा घास घेतला आणि शालन ओट्यावर आली. हाताला कापणीचे ओरखडे होते, ते ती पाणी लावून पुसत होती.

“काकी, वाजला का?”

“आत्ता वाजला बाई एकदा.” काकींनी माझ्याकडे पाहिलं. “साह्यबांनी उचलला. तुमचाच असंल ना वो, पुण्याचा?”

मी मान हलवली. ती होकाराची होती. शब्द मी उच्चारला नाही.

शालन उंबऱ्यापाशी थांबली. तिने मशीनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डबीकडे. “दादा, तुमचं हे चालू असल्यावर बाहेरनं कुणी फोन केला तर?”

“एंगेज लागतो,” मी म्हणालो. “माणसं पुन्हा लावतात.”

वाक्य खरं होतं. तपासून पाहिलं तरी त्यात चूक सापडणार नाही. त्या माणसाने पुन्हा लावलाच होता. मी हे वाक्य आयुष्यात पुष्कळ वेळा मनात तपासून पाहिलं आहे. दर वेळी ते खरंच निघतं.

ती बरं म्हणाली आणि परत खाचराकडे गेली. काकींनी मला आणखी भात वाढला. मी खाल्ला.

सांगितलं का नाही, याचा हिशोबी जबाब तेव्हा माझ्याकडे तयार होता. जागा भरली आहे, आता सांगून उपयोग नाही. सांगितलं तर नामदेवरावांना वाईट वाटेल, त्यांनी विश्वासाने घर दिलं आहे. शालनचे वडील तापतील. आणि अजून आठ लेख जायचे होते, त्यासाठी हा कोनाडा लागणार होता. या क्रमाने मी ती कारणं मनात मांडली. क्रम उलटा होता हे मला त्याच दुपारी ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन प्रयत्नांमधला वेळ दहा मिनिटं केला. कुणालाही न सांगता. त्या दहा मिनिटांत फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा वाडीतल्या दुसऱ्याच घरांसाठी होता. काकींनी ओट्यावरून हाका मारल्या, माणसं चिखलाच्या पायांनी धावत आली, बोलून हसत गेली. शालन दोन्ही वेळा खाचरातून उठून पाहत उभी राहिली होती. मला माजघराच्या खिडकीतून ते दिसत होतं. विळा हातात तसाच, पाठ सरळ, मान घराकडे. हाक आपली नाही असं कळलं की पुन्हा वाकायची.

याच्या पुढचं लिहिणं मी बरीच वर्षं टाळलं. तीन दिवसांनी मी लेखमालेतला एक लेख वाडीतल्या बायकांवर केला. कारखाने आले, मुली अर्ज करू लागल्या, जमिनीपेक्षा पगाराची भाषा घरात शिरू लागली, असा विषय. त्याची सुरुवात मी शालनने केली. फोनची वाट पाहणारी मुलगी. केसांतलं कूस, ओट्यावरचं पाणी, ‘वाजला का?’ हा प्रश्न. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य असं होतं: निरोप अजून आलेला नाही.

कार्यालयातून कौतुक आलं. सुरुवात फार चांगली आहे, म्हणाले. अंक दुसऱ्या दिवशी एसटीने फाट्यावर आला. नामदेवरावांनी चष्मा पुसून तो ओट्यावर मोठ्याने वाचला. शालनच्या वडिलांनी दोनदा वाचायला लावला. शालन दाराला टेकून ऐकत होती, तोंडावर पदर धरून, कारण हसू येत होतं.

“आता तरी कारखान्यातलं लोक वाचत्याल,” ती म्हणाली. “लाज वाटून तरी फोन करत्याल. व्हय ना, दादा?”

“बघूया,” मी म्हणालो.

“मला ते कात्रण ठिवून द्या हां, काकी.”

मी दोन आठवडे पूर्ण करून निघालो तेव्हा खाचरं रिकामी झाली होती, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या होत्या आणि तुळशीवृंदावनं रंगवायला घेतली होती. मी डबीचा स्क्रू आवळला, लॅपटॉपमधून वाडीचं ‘ठिकाण’ काढून टाकलं. तसं करण्याची गरज नव्हती, ते राहू दिलं असतं तरी चाललं असतं. काकींनी पिशवीभर नवा तांदूळ दिला. शालन खळ्यावर होती, तिने हात वर केला. पौषाच्या आधीच कार्यालयाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत लग्नपत्रिका होती, मुलगा कोळवणचा. वर नामदेवरावांच्या सुबक पोस्टातल्या अक्षरात माझं नाव. तारीख अजून पुढे होती, मला जाता आलं असतं. मी त्या दिवशी दुसरं काम लावून घेतलं.

नंतर मोडेम गेले. टोल-फ्री क्रमांक बंद झाला तेव्हा कार्यालयात कुणाला कळलंही नाही. माझ्या घरात आता इंटरनेट भिंतीतून येतं आणि कधी थांबत नाही. ते जोडायला आलेला माणूस म्हणाला होता, “सर, हे बंद करायची गरजच नाही, कुणाची लाईन अडत नाही.” मी त्याला चहा पाजला. इतकी वर्षं मी स्वतःवर एक आरोप ठेवला होता आणि त्याची भाषा ठरलेली होती: मी एका घराची, म्हणजे एका वाडीची लाईन अडवली, आणि त्यामुळे एका मुलीची नोकरी गेली. यात मला काही सवलतीही होत्या. लाईन खराब होती. साहेब घाईत होते. पौडची मुलगी लगेच सापडली. तंत्र नवीन होतं. गुन्हा कबूल, पण त्यात यंत्राचा वाटा होता. दरवर्षी फाट्यापर्यंत जाऊन मी एवढंच उगाळत परत यायचो.

यंदा फाट्यावर पोचलो तेव्हा वाडीचा रस्ता सिमेंटचा झालेला दिसला. कडेला रिसॉर्टांच्या पाट्या होत्या, बाण डोंगराकडे. गाडी आत घेतली. नामदेवराव जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. काकी ओट्यावर बसलेल्या, ऐकू कमी येतं, पण ओळखलं. “पेपरवालं! मशीन कुटंय तुमची, रडणारी?” कोनाडा तिथेच होता, त्यात आता औषधांच्या बाटल्या होत्या.

“शालन कुठे असते हल्ली?” मी विचारलं.

“हितंच हाय की. झोडणीला येती दरसाल म्हायेराला. भावाला माणसं मिळत न्हाईत आता. जावा खळ्यावर.”

ती एकटीच होती. फळी उभी करून पेंढी आपटत होती. केस पुढून पांढरे, हात पूर्वीपेक्षा जाड. मला पाहून थांबली, डोळ्यांवर हात धरून बघितलं.

“आगं बाई, दादा! लई म्हातारं झाला की.”

“मशीन आलंय ना आता झोडणीचं?”

“मशीनीत पेंढा चुरतो. गुरं खात न्हाईत. थोडं हातानंच करतोय.” पोरगा भूगावात लिफ्टच्या कामावर आहे, मुलगी बारावीला आहे, नवऱ्याचं दुकान आहे, हे तिने दोन पेंढ्यांमध्ये सांगितलं. तक्रारीचा सूर कुठेच नव्हता. मुलीला पुढे शिकवणार का, असं मी विचारलं. “तिला म्हनलंय, कुणाच्या फोनची वाट बगू नको. काय पायजे ते जाऊन इचार.” हे सहज म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मग मी सांगितलं. जितकं सरळ सांगता येईल तितकं. दहा वाजल्यापासून लाईन माझ्याकडे होती, निम्मा वेळ कामाशिवाय. फोन आला तो मी उचलला. तो पुण्याचा नव्हता.

तिने हातातली पेंढी खाली ठेवली.

“कोण बोललं?”

“कारखान्यातले कारकून असावेत. नाव विचारलं नाही मी.”

“काय म्हनलं? जसंच्या तसं सांगा.”

मी जसंच्या तसं सांगितलं. शब्द मला पाठ होते. उद्या सकाळी आठला गेटवर बोलवायचं होतं. साडेअकरापर्यंत लावला. खालचं नाव घेतलं. तिघी झाल्या, यादी बंद.

तिने पाण्याकडे पाहिलं. धरण भरलेलं होतं.

“मी गेले असते,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिशी पयल्या एसटीनं. यादी बंद असली म्हणून काय झालं? गेटवर हुबं ऱ्हायलं की घ्यायचे तवा. कोण ना कोण दांडी मारायचंच. आमची मावसबहीण तशीच लागली, तिसऱ्या दिशी. बोलावणं आलंच न्हाई म्हनल्यावर मी कशाला जाऊ? न बोलावता गेलं तर नाव खोडत्यात असं वाटायचं. नाव गेलंय हे कळलं असतं तर मला काय भ्या व्हतं?” तिचा आवाज चढला नव्हता. “फोनचं काय घिऊन बसलाय, दादा. फोन कुणाचाबी एंगेज लागतोय. तुमी जेवत व्हता. मी म्होरं हुबी व्हते.”

इतक्या वर्षांची माझी टिपणं चुकीच्या जागी होती. मी यंत्राचा तास मोजत राहिलो होतो. मोजायचं होतं ते उंबऱ्यापासून ताटापर्यंतचं अंतर.

“आन मग त्यानं परत कशाला लावला?” तिने विचारलं. “यादी बंद झाल्यावर?”

“तुम्ही उगाच वाट बघत बसू नये म्हणून.”

हे ऐकून तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग खाली वाकून पेंढी उचलली, तिचा बंध हाताने घट्ट केला.

“हळद लागली त्या दिशी सकाळी,” ती म्हणाली, “मी काकीकडं डोकावून आले व्हते. वाजला का म्हणून.”

मी तिथेच उभा होतो.

“सरका तिकडं,” ती म्हणाली. “दाणं उडत्यात.”